धाकटीचं बाळंतपण

२४ सप्टेंबर

मिनलला आज दवाखान्यातून घरी आणलं. टायफॉइड उतरला, पण पोरगी अर्धी झाली. जिना चढताना दोनदा पायरीवर बसली. पुढे तिची आई सोजर, मधे मिनल, आणि मागून मी दोन्ही हातांत लेकीचे किडे घेऊन. शेजारपाजारचे बघत होते. बघू देत.

किड्यांचं सांगायला हवं. मिनल पुण्यात एम.एस्सी. करते, प्राणिशास्त्रात, शेवटचं वर्ष. प्रकल्पासाठी तिने प्रार्थना कीटक पाळलेत. हिरवेगार, बोटाएवढे, पुढचे दोन पाय जोडून उभे राहतात. होस्टेलवर त्यांना बघायला कोणी नाही, म्हणून आज सकाळीच स्कूटरवरून जाऊन दवाखान्यात घेऊन आलो. दोन माद्या आहेत. मिनलने त्यांना नंबर दिलेत, ते काही माझ्या ध्यानात राहत नाहीत. मी मोठीला थोरली म्हणतो, लहानीला धाकटी. दोघींची लग्नं झालेली आहेत. नवरे हयात नाहीत. ते कोणाच्या पोटात गेले हे मिनलने सांगितलं तेव्हा सोजरने एकदा माझ्याकडे बघून घेतलं.

आता ह्या दोघींनी अंडी घालायची, त्यातून पिल्लं निघायची, आणि कुठल्या खाण्यावर पिल्लं जास्त जगतात ते मिनलने बघायचं. अंडी नाहीत तर पिल्लं नाहीत, पिल्लं नाहीत तर वर्ष गेलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत नवे किडे मिळायचे नाहीत. मी विचारलं, कधी घालतील गं? भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "घातली तर घातली, बाबा. मला आता कशाचंच काही वाटत नाही."

मी म्हटलं, तू झोप, मी बघतो. तसाही रिकामाच आहे. नवीन मॉडेलचे साचे येईपर्यंत कंपनीतली आमची लाइन बंद आहे.

वॉर्डातल्या नर्सबाईंचे आभार मानायचे राहिले. उद्या फोन करायचा.

२६ सप्टेंबर

कामाला लागलो. मिनलने किड्यांना ज्या डब्यांत ठेवलं होतं ते बघवत नव्हते. वाळक्या काटक्या, पानं, टाकलेली कात, माशांचे पंख. आमच्या कंपनीत असं टेबल कोणी ठेवलं तर साहेब सगळ्यांसमोर उभं करतील. मी चाकणला गाडीच्या सीटचा फोम बनवणाऱ्या कंपनीत ट्रिमिंगला आहे. साच्यातून गादी निघाली की कडेला आलेला जादा फोम कटरने उडवायचा, हे माझं काम. हात फिरवून जो खडबडीतपणा लागेल तो गेलाच पाहिजे. आणि जागेवर कचरा दिसता कामा नये.

तेव्हा जुने डबे माळ्यावर. कंपनीत फोमचे नमुने ठेवायचे ते पारदर्शक डबे दोन वर्षांपूर्वी भंगारात निघाले होते, गेटपासवर आणले होते, ते काढले. झाकण कापून जाळी बसवली. झाकणांना जुना फोम चिकटला होता तो खरवडला. आतून धुऊन पुसून आरशासारखे केले. काटक्या फेकल्या. बसायला प्रत्येकीला पाइपचा एक स्वच्छ तुकडा दिला.

मिनलला दाखवायला नेलं, पण तिचा डोळा लागला होता. सोजर लांबूनच म्हणाली, "मला त्यांची शिसारी येते. मी हात लावणार नाही, आधीच सांगून ठेवते." नको लावू. एकट्याने मशीन सांभाळायची मला सवय आहे.

२८ सप्टेंबर

जेवणाचा प्रश्न सुटला. ह्यांना जिवंतच लागतं. आमच्या घरमालकीण रुक्मिणीबाई, मूळच्या तळवड्यातल्याच, खालीच राहतात, त्यांचा मागे गोठा आहे, दोन म्हशी. माशा मागायला गेलो. आधी त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग डबा दाखवला, तर बाईंनी पदर सावरून डब्याला हात जोडले.

"आवं, खंडोबाचा किडा हाय त्यो! त्येला कोंडून घातलाय व्हय?"

मिनलच्या परीक्षेचं सांगितलं. म्हणाल्या, "मग पायजे तेवढ्या माशा न्या. लेकराचं काम हाय. पर त्येला मारू नगा, आमाला पाप लागंल."

आम्ही बौद्ध, आमचा खंडोबाशी संबंध नाही. पण रुक्मिणीबाईंच्या माशांशी आता रोजचा आहे. गुळाचं पाणी घातलेली बाटली गोठ्यात आडवी ठेवली की अर्ध्या तासात दोघींची पंगत. भली बाई. घरभाड्याला एक दिवस उशीर झाला तर दारात येते, पण भली आहे.

२ ऑक्टोबर

विजयादशमी. देहूरोडच्या विहारात एकटाच जाऊन आलो, सोजर मिनलजवळ थांबली. मेणबत्ती लावली. मागायचं काही नसतं तिथे, हे मला माहीत आहे. तरी डोळे मिटल्यावर मिनलचं तोंड समोर आलं. पोरगी वाचली हेच मोठं. त्या दिवशी ताप उतरत नव्हता तेव्हा मी कोणाकोणाकडे काय काय मागितलं होतं ते आठवलं.

घरी आलो तर दोन्ही डब्यांच्या जाळीवर पाणी शिंपडलेलं. सकाळी मीच शिंपडून गेलो असणार. वय झालं, विसरायला होतं.

७ ऑक्टोबर

मिनल जेवत नाही. चार घास पेज, की झालं. सोजर तिच्यापुढे वाटी धरून बसते, मी सोजरच्या मागे उभा राहतो. आज दोघींचं बोलणं कानावर पडलं. मिनल म्हणत होती, "आई, कॉलेज सोडते मी. इथेच एखाद्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला लागते. एवढं वाचून डोक्यात काही राहत नाही आता." सोजर म्हणाली, "आधी बरी हो." एवढंच.

पॅकिंग वाईट नाही. सोजरने पॅकिंग करूनच हिच्या शाळेची वह्या-पुस्तकं आणली. पण दहा वर्षांची असताना ही पोरगी गोगलगाय ताटात घेऊन जेवायला बसली होती. ती पॅकिंगला बसली तर मला बघवणार नाही.

थोरलीचं पोट टम्म फुगलंय. दिवसभर डब्यात येरझाऱ्या घालते, गुळगुळीत भिंतीवरून घसरते, पुन्हा चढते. मी सकाळ-संध्याकाळ डबा पुसतो. धाकटीला माशी आवडत नाही, तिला नाकतोडाच लागतो, असं सोजर म्हणाली. हिला काय ठाऊक, ही तर तिकडे फिरकतही नाही.

१२ ऑक्टोबर

थोरली गेली.

सकाळी डब्यात आडवी दिसली. कागदावर घेऊन मिनलकडे नेलं. तिने पडल्या पडल्या बघितलं आणि म्हणाली, "पोट भरलेलं आहे. अंडी अडून गेली, बाबा." आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. रडली का ते कळलं नाही.

मला काही उमजत नाही. जेवण वेळेवर, पाणी वेळेवर, डबा असा की त्यात माणसाने जेवावं. कुठे कमी पडलो?

रुक्मिणीबाईंनी थोरलीला बेलाखाली पुरलं. येऊन डबा निरखून बघितला. "इतं पाय रोवायला जागा कुठं हाय? आमची म्हस बी गुळगुळीत फरशीव उभी ऱ्हात न्हाई. बाळंतीण हाय ती, तिला आडोसा लागतो, धराया काय तरी लागतं." जाऊन बाभळीची एक काटकी घेऊन आल्या आणि धाकटीच्या डब्यात कोंबली. साल निघतेय, भुगा पडतोय. माझ्या जिवावर आलं, पण राहू दिली. पाइप काढून घेतला.

१५ ऑक्टोबर

धाकटी काटकीवर बसतच नाही. झाकणाच्या जाळीला उलटी लटकून असते, अगदी कोपऱ्यात. रुक्मिणीबाईंना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "तिचं तिला कळतं. तुमी सारखं डोकावू नगा." मी आता दिवसातून दोनदाच डोकावतो.

१७ ऑक्टोबर

सकाळी साफसफाई करताना दिसलं की धाकटीच्या झाकणाला कोपऱ्यात फोमचा गोळा चिकटलेला आहे. सुपारीपेक्षा थोडा मोठा. सगळं झाकण खरवडलं होतं, हा कसा राहिला कोण जाणे! कटर घेतला आणि एका हातात साफ. बूड सपाट, जाळीला ओरखडा नाही. इतक्या दिवसांनी कटर हातात आला, बरं वाटलं. हात अजून तसाच आहे.

सोजर मिनलसाठी नवी उशी भरत होती. लाइन बंद होण्याआधी फोमच्या कातरणीचं एक पोतं गेटपासवर आणलं होतं, आमच्याकडे सगळ्यांच्याच घरात उश्या अशाच भरतात. गोळाही त्यातच टाकला, वाया कशाला घालवायचा.

धाकटी फार रोडावली. काल चांगली गुबगुबीत होती, आज पोट पाठीला लागलंय. दोन नाकतोडे जास्त दिले. अधाशासारखे खाल्ले. हीही थोरलीच्या वाटेने जाते की काय, अशी धास्ती वाटते. मिनलला सांगितलं नाही.

१९ ऑक्टोबर

रात्रीचं जेवण आटोपून लिहितोय.

मिनलला नवी उशी आवडली. दोन रात्री शांत झोप लागली म्हणाली. आज चार वाजता उठून बसली आणि आपणहून विचारलं, "बाबा, दुसरी कशी आहे?" आजारात पहिल्यांदा विचारलं. मी खरं सांगितलं, रोडावलीय, पोट सपाट झालंय.

"सपाट? कधीपासून?"

"परवा सकाळपासून. अगदी एका रात्रीत."

मिनल भिंत धरून उभी राहिली. "बाबा, तिने घातली! अंडी घातली! कुठे आहेत?"

मी म्हटलं, डब्यात काही नाही गं, मी रोज पुसतो.

"सुटी नसतात ती. ती फेस सोडते, त्यात अंडी असतात. फेस वाळून घट्ट होतो. फोमसारखा. तुमच्या फोमसारखा गोळा, बाबा."

कुठल्या तोंडाने सांगणार होतो? तरी सांगितलं. कटरने उडवला म्हणालो. मिनल माझ्याकडे बघत राहिली. वाटलं आता ओरडेल, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "कुठे टाकला?"

दाराशी उभ्या सोजरच्या हातातून ओलं फडकं खाली पडलं. "उशीत," ती म्हणाली. "मीच भरला. ह्यांनी पोत्यात टाकला तो मी उशीत भरला."

मिनल त्या उशीवर दोन रात्री झोपली होती.

सोजरने दाताने टाका उसवला. चादर अंथरून सगळी कातरण तिच्यावर ओतली. ढीगच्या ढीग. पांढरे, पिवळट, करडे तुकडे, आणि त्यातला प्रत्येक तुकडा गोळ्यासारखा दिसायला लागला. मी तीस वर्षं फोम हाताळला, पण त्या वेळी बोटांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी नुसता उचलून बघत होतो आणि बाजूला टाकत होतो. रुक्मिणीबाई आवाज ऐकून वर आल्या, काय झालंय ते न विचारताच खाली बसल्या. सोजर म्हणाली, "पायाखाली बघा, कोणी हलू नका."

आणि मिनल. जी पोरगी हात धरल्याशिवाय मोरीपर्यंत जात नव्हती, ती मांडी घालून जमिनीवर बसली होती. केसांत फोम, कपाळावर घाम. "असं नको, आई. दाबून बघू नकोस. हलक्या हाताने उचल, जो जड लागेल तो बाजूला ठेव." आम्ही तिघं तिचं ऐकत होतो. किती दिवसांनी ती कोणाला काही सांगत होती!

तिलाच सापडला. उशीच्या अगदी मधल्या भागात होता. तळहातावर घेतला, खिडकीपाशी नेला. बूड माझ्या कटरने कापलेलं, सपाट. एका अंगाने जरासा चेपलेला. बाकी धड. चारी बाजूंनी फोमच होता म्हणून वाचला, असं ती म्हणाली. कदाचित वाचला. आतलं काही सांगता येत नाही.

आता तो गोळा बाभळीच्या काटकीला बांधलाय. मिनलचे हात कापत होते म्हणून सुई सोजरने ओवली, दोरा मिनलने फिरवला. कुठली बाजू वर हे तिलाच ठाऊक. मी लांब उभा होतो, मला कोणी लांब हो म्हटलं नव्हतं.

झाल्यावर मिनल म्हणाली, "बाबा, कापलंय मात्र एकदम सरळ." आणि हसली. मी गॅलरीत जाऊन रडलो.

२१ ऑक्टोबर

दिवाळीचे फटाके. धाकटीच्या डब्यावर माझी शाल टाकली. रुक्मिणीबाईंनी खाली उभं राहून गल्लीतल्या पोरांना अशा काही शिव्या दिल्या की आमच्या दारात एक सुरसुरीही पेटली नाही. वर येऊन डब्यावर चिमूटभर भंडारा टाकून गेल्या. डब्याच्या आत जाऊ नये म्हणून मिनलने लगेच पुसला, पण बाई जाईपर्यंत थांबली.

३० ऑक्टोबर

मिनलने प्रकल्पाच्या मॅडमना फोन करून सगळं खरं सांगितलं. मॅडम हसल्या म्हणे, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, चेपलेल्यातून कधी निघतात, कधी नाही निघत. दीड महिना वाट बघायची. निघाली तर प्रकल्प, नाहीतर पुढच्या वर्षी.

मिनल रोज गोळ्यावर पाणी शिंपडते, लिहून ठेवते. पेजेवरून भातावर आली. पण भूक अशी लागत नाही म्हणते, तोंडाला चव नाही, औषधासारखं गिळते. पॅकिंगचं पुन्हा बोलली नाही. नाही निघाली तर काय, हे मी विचारत नाही. सोजरही विचारत नाही.

८ नोव्हेंबर

मिनल होस्टेलला गेली. मी सोडायला निघालो तर म्हणाली, बसने जाते, जमेल. जेवणाच्या डब्यात काटकी, तिला बांधलेला गोळा, वर ओला कापूस. खिडकीपाशी बसली आणि डबा मांडीवर घेतला. धाकटीला मात्र माझ्याकडे ठेवून गेली. "ती आता म्हातारी झालीय, बाबा. इथे तिला सवय आहे."

१४ नोव्हेंबर

धाकटी पकडत नाही आता. नाकतोडा समोरून जातो, ती बघते नुसती. सोजरने कापसाच्या टोकाला मध-पाणी लावून तिच्या तोंडाशी धरलं. शिसारी येते म्हणणारी बाई! मी पाणी आणून दिलं.

धाकटे, तुझे आमच्यावर उपकार आहेत. तुझ्या पोटचं मी कापून टाकलं, तरी तू माझ्या बोटावर येऊन बसतेस.

१७ नोव्हेंबर

धाकटी गेली. रुक्मिणीबाईंनी थोरलीशेजारी जागा दिली. संध्याकाळी सोजरने सवयीने रिकाम्या डब्यावर पाणी शिंपडलं.

कंपनीतून फोन आला. साचे आले. परवापासून फर्स्ट शिफ्ट.

२३ नोव्हेंबर

मिनलचा फोन. अजून काही नाही. आवाज पुन्हा बारीक झालाय. जेवलीस का विचारलं तर हो म्हणाली, पण ते हो मला कळतं. मेसमधून अर्धं ताट परत जात असणार. सोजर म्हणाली, "मी जाऊन राहू का चार दिवस तिच्याकडे?" रविवारी जाऊ म्हटलं.

२७ नोव्हेंबर

आज लाइनवर नवीन गादी लागली. कडा अवघड आहेत. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत काढला तर मिनलचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. पुन्हा ताप, पुन्हा दवाखाना, हेच डोक्यात. कँटीनच्या दाराशी उभं राहून फोन लावला.

"मिनल? काय झालं बाळा? कुठे आहेस?"

"बाबा, व्हिडिओ चालू करा."

लावला. आधी काही कळेना. मग तिने फोन जवळ नेला. आमचा गोळा, सोजरने ओवलेला दोरा, आणि खालून काहीतरी लोंबत होतं. शेवयांचे बारीक तुकडे हवेत टांगावेत तसं. तेवढ्यात एक तुकडा हलला, त्याला पाय फुटले, आणि तो दोऱ्यावरून वर चढायला लागला. मग दुसरा. मग मोजायची सोय उरली नाही.

"पहाटेपासून निघतायत, बाबा. चेपलेल्या बाजूची नाही निघाली. पण बाकीची सगळी निघाली. मॅडम आल्या होत्या, म्हणाल्या पुरतील. पुरून उरतील." ती हसत होती आणि नाकही ओढत होती.

मला खूप बोलायचं होतं. सोजरचं, रुक्मिणीबाईंचं नाव घ्यायचं होतं, तिला सांगायचं होतं की तू जमिनीवर बसून आम्हाला शिकवत होतीस तेव्हाच माझं सगळं भरून पावलं. तोंडातून निघालं, "जेवलीस का?"

"नाही ना. सकाळपासून इथेच उभी आहे." मग म्हणाली, "बाबा, भूक लागलीय. इतकी भूक लागलीय ना, काय सांगू!"

मी म्हटलं, जा, आधी पोटभर जेव. ती म्हणाली, जाते, आणि फोन ठेवला.

ताट घेऊन बसलो. डोळे पुसून पुसून बाही ओली झाली. समोर आमच्या लाइनवरचा कुलदीप बसला होता, तो खाता खाता थांबला.

"काय झालं भाऊ? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे राव," मी म्हटलं. "पोरगी जेवायला गेली."